शेडमधलं तापमान, घरच्या फोनवर

वर्कशॉपमध्ये तापमान मोजायचंय असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, कशाचं? शेडमधल्या हवेचं, मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनेलमधलं, कॉम्प्रेसरच्या तेलाचं, की जिथे जॉब मोजला जातो त्या टेबलापाशी असलेलं? प्रत्येकाला वेगळी जागा लागते, वेगळी मर्यादा लागते, कधी कधी सेन्सरही वेगळा लागतो. आधी बोर्ड विकत आणून मग त्याला काम शोधणारे पुष्कळ असतात. त्यांच्या टेबलावर आठवडाभर एक आकडा लुकलुकतो आणि नंतर त्यावर धूळ बसते.

आपण एक नेहमीचं वर्कशॉप डोळ्यांसमोर धरू. भोसरीच्या बाजूची पत्र्याची शेड, आत एक व्हीएमसी, दोन लेथ, एक स्क्रू कॉम्प्रेसर आणि कोपऱ्यात तपासणीचं टेबल. मालक राहायला निगडीला. एप्रिल-मेच्या दुपारी शेड तापते, व्हीएमसीचा ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो आणि ऑपरेटर पॅनेलचं दार उघडून समोर टेबलफॅन लावतो. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही असा वर्कशॉपवाला विरळाच. उघड्या दारातून धूळ आणि कूलंटची वाफ आत जाते, ती पुढच्या वर्षीच्या बिघाडाची तयारी.

तेव्हा पहिली मोजण्याची जागा पॅनेल. ड्राइव्हच्या पुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी ती ४० किंवा ५० अंश सेल्सिअस सापडेल, आणि त्यापुढे ड्राइव्हवरचा भार कमी करायला सांगितलेलं असेल. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे ड्राइव्ह आज ट्रिप झाला नाही तरी उन्हाळा त्याच्या आयुष्यातून आपला वाटा काढून घेतोच.

दुसरी जागा शेडमधली हवा. तिचा स्वतंत्र उपयोग कमी, पण पॅनेलच्या आकड्याला अर्थ येतो तो हिच्यामुळे. पॅनेलमध्ये ४४ अंश आहेत, हे वाईट की चांगलं? शेडमध्ये ४० असतील तर पॅनेलचा पंखा उत्तम चाललाय. शेडमध्ये २८ असतील तर जाळी चोंदली आहे किंवा पंखा बंद पडलाय. मशीनवरचा भार नेहमीइतका असताना दोन्हींमधला फरक आठवड्यागणिक वाढत चालला, तर डिसेंबरच्या थंडीतही कळतं की फिल्टर साफ करायला हवा. नुसत्या कमाल मर्यादेवर डोळा ठेवला तर हीच गोष्ट मेमध्ये कळेल, तीही मशीन थांबल्यावर. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हा फरक. त्यामुळे खर्च वाचवायचा तर बाकी कुठेही वाचवा, पण दोन सेन्सर लावाच.

तिसरी जागा तपासणीचं टेबल. मापनासाठी जगभर प्रमाण तापमान २० अंश धरलेलं आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट, म्हणजे २३ मायक्रॉनच्या आसपास. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब ३८ अंशांत मोजला तर तो २० अंशांतल्यापेक्षा सुमारे २० मायक्रॉन लांब असतो. मायक्रोमीटरही पोलादीच आणि तोही ३८ अंशांतच असेल तर दोघं सारखेच वाढतात आणि चूक लपून जाते. जॉब ॲल्युमिनियमचा असला की मात्र तेवढ्याच २० मायक्रॉनची तफावत उघडी पडते, आणि गिऱ्हाइकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीतून माल परत येतो. तुमचं काम इतक्या बारीक टॉलरन्सचं नसेल तर हा तिसरा सेन्सर सोडून द्या.

कॉम्प्रेसरच्या तेलाचं तापमान त्याचा स्वतःचा कंट्रोलर पाहतो आणि जास्त झालं की यंत्र बंद करतो. त्यात आपण हात घालायचा नाही.

सेन्सर कोणता

पॅनेल आणि हवेसाठी डीएस१८बी२० घ्या. स्टीलच्या नळीत बसवलेला, मीटरभर तारेसह मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, नाहीतर ऑनलाइन. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालतो आणि उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत खरा असतो. तो आकडा डिजिटल रूपात पाठवतो, त्यामुळे लांब तारेतून जाताना तापमान बदलून दिसत नाही. शिवाय प्रत्येक चिपला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतःचा पत्ता दिलेला असतो, म्हणून एकाच तारेवर तीन-चार सेन्सर गुण्यागोविंदाने राहतात.

स्वस्तातला निळा डीएचटी११ लोक हौसेने आणतात, कारण तो आर्द्रताही दाखवतो. पण तापमानात तो दोन अंश इकडेतिकडे असू शकतो. फरकावर लक्ष ठेवायचं असताना दोन अंशांची चूक परवडत नाही. आर्द्रता खरंच हवी असेल, म्हणजे गंज किंवा पावडर कोटिंगची पावडर हा प्रश्न असेल, तर एसएचटी३१ किंवा बीएमई२८० पाहा. भट्टी किंवा ओव्हन मोजायचा असेल तर ही सगळी मंडळी बाद. तिथे के-टाइप थर्मोकपल आणि त्याच्यासोबत मॅक्स६६७५ ची छोटी पट्टी लागते, जी १०२४ अंशांपर्यंतचे आकडे देते.

डीएस१८बी२० च्या नकला बाजारात इतक्या आहेत की अस्सल मिळाला तर नवल. अस्सल चिपचा पत्ता २८ ने सुरू होतो आणि शेवटच्या तपासणी-जोडीच्या आधीच्या दोन जोड्या शून्याच्या असतात. तुमच्या सेन्सरचा पत्ता तसा नसेल तर तो टाकून द्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच नकला आपल्या कामापुरत्या ठीक चालतात. पण पारखल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

पारखायला थर्मास पुरतो. बर्फ बारीक फोडून त्यात भरा, फटी भरतील इतकं थंड पाणी घाला, ढवळा आणि सगळे सेन्सर एकत्र बुडवून पाच-दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकाने शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत यायला हवं. जो जितका चुकतो तितका आकडा त्याच्या पत्त्यासमोर लिहून ठेवा आणि प्रोग्राममध्ये वजा करा. नंतर सगळे सेन्सर एकत्र बांधून खोलीतल्या पाण्याच्या बादलीत ठेवा आणि एकमेकांशी जुळतात का ते पाहा. उकळत्या पाण्याची परीक्षा घ्यायची गरज नाही. घेतलीच तर लक्षात ठेवा, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तो आकडा पाहून चांगला सेन्सर फेकून देऊ नका.

बोर्ड आणि तारा

बोर्ड ईएसपी३२ चा. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ मध्ये आली, आणि वायफाय अंगातच असल्यामुळे अशा कामांसाठी तीच रूढ झाली. तिची थोरली बहीण ईएसपी८२६६ जुन्या खोक्यात पडली असेल तर तीही चालेल. बोर्ड, तीन सेन्सर, चार्जर, प्लास्टिकची पेटी, किरकोळ सामान मिळून साधारण हजार-दीड हजार रुपयांचं काम आहे. बॅटरीची सोय त्याच्या वर.

जोडणी तीन तारांची. सेन्सरची लाल तार बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी पिन क्रमांक ४ ला. लाल आणि पिवळी यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर विसरला की सेन्सर सापडतच नाही, आणि दहातले नऊ लोक प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतात. तीन सेन्सर असले तरी रेझिस्टर एकच. तारांच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, काही मालात ते बदललेले असतात. वीज दिल्यावर नळी हाताला चटका देऊ लागली तर लाल-काळी उलट लागली आहे, लगेच काढा. आणि सेन्सर ५ व्होल्टवरही चालतो म्हणून कुणी तसं जोडायला सांगितलं तर ऐकू नका. डेटाची तार त्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला ओढली गेली तर ईएसपी३२ च्या पिनला ते सोसत नाही.

टेबलावर सगळं चालतं आणि शेडमध्ये गेलं की बिघडतं, याचं मुख्य कारण तारांचा मार्ग. शेडमध्ये व्हीएमसीचा स्पिंडल ड्राइव्ह आहे, कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर आहे, कदाचित शेजारी वेल्डिंग चालू आहे. या सगळ्यांचा विद्युत गोंगाट आपल्या बारीक तारेत घुसतो. म्हणून लांबीसाठी नेटवर्कची पीळदार केबल वापरा; एका जोडीत डेटा आणि ग्राउंड एकत्र घ्या, दुसऱ्या जोडीतून ३.३ व्होल्ट न्या. मोटरच्या केबलला समांतर एका ट्रेमधून नेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. सेन्सर एकाच तारेवर एकापुढे एक जोडा. बोर्डापासून तीन दिशांना तीन लांब फांद्या काढल्या तर सिग्नल परतून आदळतात आणि आकडे मधूनच गायब होतात. पंधरा-वीस मीटरच्या पुढे गेलात आणि वाचन चुकू लागलं तर ४.७ ऐवजी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहा.

जोड ब्रेडबोर्डवर ठेवू नका. मशीनच्या कंपनाने ती छिद्रं ढिली होतात. डॉटबोर्डवर झारून घ्या किंवा स्क्रू टर्मिनल वापरा, आणि प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

सेन्सर बसवायचा कुठे

पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन आयसोलेटर बंद करा आणि तरीही थांबा. ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये वीज गेल्यानंतरही काही मिनिटं जीवघेणा दाब राहतो. किती वेळ थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं. हे काम वायरमनकडून करून घेतलं तर उत्तम. मशीन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारा.

सेन्सर पॅनेलच्या वरच्या भागात लावा, कारण गरम हवा तिथे साठते. पंख्याच्या थेट झोतात नको आणि ड्राइव्हच्या हीटसिंकला टेकूनही नको. स्टीलची नळी धातूची आहे हे विसरू नका. ती सुटून बसबारवर पडली तर काय होईल याचा विचार करून दोन ठिकाणी पक्की बांधा, आणि तार ग्लँडमधून बाहेर काढा. पॅनेलच्या आत फक्त सेन्सर. बोर्ड बाहेर, प्लास्टिकच्या पेटीत. लोखंडी कपाटात कोंडलेला वायफाय बाहेर पोचत नाही.

हवेचा सेन्सर खांबावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, शटरमधून ऊन येतं त्या बाजूपासून दूर. पत्र्याच्या भिंतीला तो चिकटवला तर तुम्ही पत्र्याचं तापमान मोजाल. छताचा पत्राही दुपारी खाली उष्णता फेकत असतो, म्हणून सेन्सरच्या वर बोटभर अंतर सोडून पांढऱ्या प्लास्टिकचं छोटं छप्पर करा. वेधशाळेतला थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवतात तो याच कारणाने. आणखी एक: ईएसपी३२ स्वतः कोमट होतो. सेन्सर त्याच पेटीत ठेवला तर दोन-चार अंश फुकटचे मिळतात. हातभर तरी लांब आणि शक्यतो पेटीच्या खालच्या बाजूला ठेवा.

प्रोग्राममध्ये काय असावं

अर्डुइनोच्या आयडीईमध्ये वनवायर आणि डॅलस टेम्परेचर या दोन लायब्ररी घेतल्या की तापमान वाचणं चार-पाच ओळींचं काम आहे. नमुन्याचे प्रोग्राम त्यांच्याबरोबरच येतात. ते चालवून सेन्सरचे पत्ते आधी मिळवा आणि प्रत्येक सेन्सर त्याच्या पत्त्यानेच वाचा. पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने वाचलं तर एक सेन्सर मेल्यावर पुढच्यांचा क्रम सरकतो आणि तपासणी टेबलाचा आकडा पॅनेलच्या नावावर खपतो.

दोन आकडे ओळखून ठेवा. उणे १२७ आला तर सेन्सर तुटला आहे किंवा तार सुटली आहे. लायब्ररी ही गोष्ट त्या आकड्याने सांगते. दुसरा ८५. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी सेन्सरच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. पूर्ण बारकाईने मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. घाईने वाचलं किंवा मध्येच त्याची वीज तुटली की ८५ हातात पडतो. तो सरसकट फेकून देता येत नाही, कारण कुठे खरोखर ८५ अंश असू शकतात. मागचा आकडा ३९ आणि अर्ध्या मिनिटात ८५, असं झालं तर खोटा समजा. ८१, ८३, ८४ करत आला असेल तर खरा.

तिसरी खूण फारसं कुणी तपासत नाही. या सेन्सरची पायरी एका अंशाच्या सोळाव्या भागाची असते. शेडमधली हवा इतकी स्थिर कधीच नसते की दोन तास एकाही पायरीने आकडा हलू नये. तसं झालं तर सेन्सर नव्हे, प्रोग्राममधली जुनी किंमत बोलते आहे.

दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या, शेवटच्या पाच वाचनांतला मधला आकडा धरा, दर पाच मिनिटांनी बाहेर पाठवा. इशाऱ्यासाठी वर जाण्याची आणि उतरण्याची मर्यादा वेगळी ठेवा. समजा ड्राइव्हची मर्यादा ५० आहे. मग ४६ च्या वर सलग पाच मिनिटं राहिलं तर इशारा, आणि ४३ च्या खाली आल्यावरच तो मिटला असं धरा. एकच रेघ आखली तर आकडा तिच्यावर खालीवर होत राहील आणि फोन दुपारभर किणकिणेल. पॅनेल आणि शेडमधल्या फरकासाठी आधी महिनाभर फक्त नोंद ठेवा. तुमच्या मशीनचा नेहमीचा फरक किती ते त्यातूनच दिसेल, ते कुणाला विचारून कळणार नाही.

वायफायची एक खोड सांगून ठेवतो. लाइट येते तेव्हा ईएसपी३२ दोन-तीन सेकंदांत जागा होतो, राउटरला मात्र मिनिट-दीड मिनिट लागतं. सुरुवातीलाच जोडणी मिळेपर्यंत थांबून राहणारा प्रोग्राम असेल, किंवा काही प्रयत्नांनंतर नाद सोडणारा असेल, तर प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर कुणाला तरी जाऊन बटण दाबावं लागेल. जोडणीचा प्रयत्न मुख्य फेऱ्यातच अधूनमधून करत राहा, मोजणं थांबवू नका, आणि वॉचडॉग चालू ठेवा म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप नव्याने सुरू होतो. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय जाणते, तेव्हा राउटरवर ते चालू आहे ना ते बघा. शेडमध्ये इंटरनेट नसेल तर सिमवर चालणारा छोटा फोर-जी राउटर हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. सिम८००एल नावाची स्वस्त पट्टी सुचवली जाते, पण ती टू-जीवर चालते आणि जिओचं सिम त्यात चालणार नाही. शेड मोठी असेल, राउटर ऑफिसात आणि मध्ये दोनशे मीटर मोकळी जागा असेल तर लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचा विचार करा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो.

निरोप कसा पोचवायचा

सगळ्यांना व्हॉट्सॲपवर हवं असतं. ते जमतं, पण त्याचा अधिकृत रस्ता व्यवसाय खात्यातून जातो आणि एका वर्कशॉपसाठी तो लांबचा पडतो. एसएमएस सेवा घ्यायची म्हटलं तर डीएलटी नोंदणी, मजकुराचा मंजूर साचा, असा कागदोपत्री व्याप. टेलिग्राममध्ये बॉटफादरला निरोप पाठवला की दोन मिनिटांत बॉट तयार होतो आणि एक टोकन मिळतं. त्या टोकनने बोर्ड थेट निरोप पाठवू शकतो. मालक, सुपरवायझर आणि मेंटेनन्सवाला यांचा एक गट करा आणि बॉटला त्यात घ्या. टोकन म्हणजे बॉटची किल्ली आहे, ते कुणाच्या गटात चिकटवू नका. आलेखासाठी थिंगस्पीकचं मोफत खातं पुरतं. ते दर १५ सेकंदांना एक नोंद स्वीकारतं, आपल्याला पाच मिनिटांना एकच हवी आहे.

आता खरी मेख. शेडमधली वीज गेली, राउटर लटकला, सेन्सरची तार उंदराने कुरतडली, चार्जर जळाला. या चारही प्रसंगी तुमच्या फोनवर काय येईल? काहीच नाही. आणि सगळं छान चाललेलं असतानाही फोनवर काहीच येत नाही. दोन्ही शांतता एकसारख्या दिसतात. जे यंत्र फक्त बिघाड झाल्यावर बोलतं, त्याचा गप्पपणा वाचता येत नाही. बाजारातल्या कित्येक तयार उपकरणांतही ही फट असते, विकत घेताना तेवढं आवर्जून विचारा.

उपाय उलटा आहे. बोर्डाने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या कुणाला तरी हजेरी लावायची आणि हजेरी चुकली की त्या बाहेरच्याने ओरडायचं. हेल्थचेक्स डॉट आयओ ही सेवा नेमकी एवढंच करते. ती तुम्हाला एक वेब पत्ता देते. बोर्ड ठरल्या वेळी त्याला भेट देत राहतो. भेट थांबली, वर दिलेली सवलतीची मुदत टळली, की टेलिग्राम किंवा ईमेलवर निरोप येतो. लहान कामासाठी मोफत खातं पुरेसं आहे. पाच मिनिटांची फेरी आणि दहा मिनिटांची सवलत ठेवली तर पंधरा मिनिटांत कळतं.

यात एक बारकावा जपा. हजेरी ‘प्रोग्राम चालू आहे’ एवढ्यावर लावू नका. सगळ्या सेन्सरचे समजदार आकडे मिळाले, ते थिंगस्पीकवर पोचल्याची पावती आली, त्यानंतरच हजेरी. म्हणजे सेन्सर तुटला तरी हजेरी चुकते आणि बोंब होते.

घरी रास्पबेरी पाय असेल आणि हात शिवशिवत असतील तर एमक्यूटीटीचा रस्ता घ्या. अर्लेन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क यांनी १९९९ मध्ये ही पद्धत तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी घडवली. लांबची, तुटक जोडणी आणि वाळवंटातलं एकटं उपकरण. आपली शेड त्या मानाने सोपीच. या पद्धतीत मृत्युपत्राची सोय आहे. जोडणी करतानाच बोर्ड ब्रोकरकडे, म्हणजे निरोप घेऊन पुढे वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, एक निरोप ठेवून देतो: मी न सांगता नाहीसा झालो तर हा सगळ्यांना सांग. ठरल्या अवधीच्या दीडपट काळ बोर्डाकडून काही आलं नाही तर ब्रोकर तो निरोप वाचून दाखवतो. अवधी ६० सेकंद ठेवलात तर दीड मिनिटात. मात्र ब्रोकर शेडमध्ये ठेवू नका, नाहीतर लाइट गेल्यावर मृत्युपत्र वाचणारा वकीलही अंधारात. आणि चाचणीसाठी असलेले सार्वजनिक ब्रोकर रोजच्या कामाला वापरू नका; तिथला मजकूर कुणीही वाचू शकतं.

वीज

मोबाइलचा चांगला चार्जर आणि जाड, आखूड यूएसबी केबल घ्या. वायफाय पाठवण्याच्या क्षणी बोर्ड काही शे मिलिअँपिअर ओढतो. बारीक केबलमध्ये तेवढ्यात दाब पडतो आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो.

लाइट गेल्यावरही चालावं म्हणून पॉवरबँक लावायचा मोह होतो. बऱ्याच पॉवरबँका इतका कमी प्रवाह पाहून फोन भरला असं समजतात आणि बंद होतात, काही चार्जिंग चालू असताना बाहेर वीजच देत नाहीत. १८६५० सेलची, चार्ज होता होता ५ व्होल्ट देणारी पट्टी मिळते, ती लावा. चार्जरच्या बाजूची ५ व्होल्टची तार १० आणि १५ किलोओहमच्या विभाजकातून एका पिनवर आणली, १५ चा रेझिस्टर ग्राउंडकडे, तर पिनला ३ व्होल्ट मिळतात. ते गेले म्हणजे लाइट गेली. राउटरलाही छोटा डीसी यूपीएस द्या. बोर्ड जिवंत आणि राउटर मेलेला असेल तर बॅटरीवरचा खर्च वायाच.

पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. दर गुरुवारी सकाळी ‘लाइट गेली’ असा निरोप यायला लागला की महिन्याभरात माणसं गट म्यूट करतात, आणि मग सोमवारचा खरा इशाराही कुणी पाहत नाही. त्या दिवशी लाइटचा निरोप दिवसातून एकदाच जाईल अशी तरतूद करा. हजेरीची सवलत मात्र वाढवू नका. बॅटरी असताना हजेरी चुकायचं कारण नाही.

या यंत्राला रिले जोडून मशीन बंद करायची कल्पना सुचेल. करू नका. दीड हजारांच्या घरगुती जुळणीने चालत्या स्पिंडलचा पुरवठा तोडणं धोक्याचं आहे. मशीनचे स्वतःचे थर्मल ट्रिप आणि ड्राइव्हचे अलार्म तसेच राहू द्या. आपल्या यंत्राने फक्त सांगावं. फार तर शेडमध्ये एक भोंगा जोडा, जो इंटरनेट नसतानाही वाजेल.

सुरू करण्याच्या दिवशी प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवून पाहा. हेअर ड्रायरने पॅनेलचा सेन्सर तापवा, किती मिनिटांनी निरोप येतो ते घड्याळ लावून मोजा. एका सेन्सरची तार काढा. चार्जर उपटा. राउटर बंद करा आणि पंधरा मिनिटं चहा घ्या. बोर्ड चालू असताना राउटर पुन्हा लावा आणि तो आपण होऊन जोडला जातो का बघा. यातला एकही निरोप आला नाही तर यंत्र अजून बसवलं गेलेलं नाही असं समजा. पुढे महिन्यातून एकदा, कुणाला न सांगता, चार्जर उपटा आणि तिघांपैकी कोण फोन करतो ते पाहा.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर कोणता पत्ता कुठल्या सेन्सरचा, कुणाची चूक किती, कुठली तार कुठल्या पिनवर, वायफायचं नाव, आणि शेडची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते लिहा. बर्फात पारखलेला एक जादा सेन्सर त्याच पेटीत बांधून ठेवा, त्याचा पत्ता प्रोग्राममध्ये आधीच घालून.